वाशीचं इरिडियम

वेल्डिंगचा जोड तपासायला सोर्स लागतो. पोलादी कुपीत बंद केलेल्या इरिडियम-१९२ च्या दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या. दोरी बांधून माणसं लांब करायची, हँडल फिरवून केबल ढकलायची. कुपी ‘कॅमेऱ्या’तून, म्हणजे तिच्या जाड कवचाच्या पेटीतून, बाहेर सरकते, गॅमा किरण जोडातून आरपार जाऊन फिल्मवर उमटतात. भेग असली तर दिसते. हे सोर्स पुरवणारं ‘ब्रिट’ आपल्या वाशीतच.

*

साध्या इरिडियमने अणुभट्टीत एक न्यूट्रॉन गिळला की ते १९२ होतं. अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस. पण ते साधं इरिडियम कुठून आलं? न्यूट्रॉनचा इतका भडिमार हवा की एक पचायच्या आत पुढचे आदळावेत. सगळं सेकंदाभरात. कॅमेऱ्याच्या कवचातलं युरेनियमही अशाच भडिमारातलं. असा भडिमार होतो कुठे?

*

१७ ऑगस्ट २०१७. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याची वर्दी पृथ्वीवर पोचली. गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला.

हा झोत म्हणजे सोनं-इरिडियम घडल्याची खूण, असं वाटू शकतं. ते चूक. तो झोत टकरीतून सुटलेल्या वेगवान फवाऱ्याचा. नव्या जड अणूंच्या ऱ्हासाचे गॅमा किरण सुरुवातीला बहुतांश त्या मलब्यातच अडकतात आणि त्याला तापवतात. दुर्बिणींना दिसली ती त्या तापलेल्या मलब्याची लाली. पुढे किरण सुटतात, पण मलबा प्रकाशाच्या दशांशाहून जास्त वेगाने पसरत असल्याने त्यांच्या रेषा फिसकटतात. वाशीच्या इरिडियमची ३१६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा किती सुबक दिसते! तिकडचं अक्षर इतक्या लांबून लागतच नाही.

*

लागलं ते जवळच्या एका मॅग्नेटारचं, म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याचं. २७ डिसेंबर २००४ च्या महास्फोटानंतर काही मिनिटांनी आलेला गॅमा संकेत वीस वर्षं अर्थाविना पडून होता. २०२५ मध्ये अनिरुद्ध पटेल, ब्रायन मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो नुकत्याच घडलेल्या जड अणूंच्या ऱ्हासाशी जुळतो. जुनी नोंद जपून ठेवणाऱ्यांचे उपकारच.

*

२०१७ च्या त्या झोताच्या वेळी आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाच्या आड नेमकी पृथ्वी आली. काही दिसलं नाही, तरी त्या न दिसण्यानेही शोधाची जागा आक्रसली. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेल्या ‘दक्ष’ मोहिमेत म्हणूनच दोन उपग्रह आहेत, पृथ्वीच्या दोन बाजूंना. झोत लगेच पकडला तरच बाकीच्या दुर्बिणी वेळेत वळतील. ‘दक्ष’ला पैसा मिळायलाच हवा.