यादीत नाव नाही

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळाप्रवेशाची सोडत लागली. लेकीचं नाव निवड यादीत नाही, प्रतीक्षा यादीतही नाही. मन फार खट्टू झालंय. २००९ च्या या कायद्याने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा आमच्यासारख्या दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी राखल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून ही वाट अडवली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. हक्क खरा आहे. जागा मात्र अर्जांपेक्षा कमी. सोडतीने लेकीची हुशारी मोजलेली नाही, हे स्वतःला बजावते आहे. जूनमध्ये ती पालिकेच्या शाळेत जाईल. तिथल्या व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मी त्या समितीत जाणार आहे. शाळा चांगली व्हावी म्हणून झटणार आहे.