कोरी वही

पहिलीतल्या पोराची वही कोरी दिसली की घरचे धास्तावतात. नेवाशाला बहिणीकडेही हेच ऐकलं, "दादा, शाळेत नुसतं खेळतात रे!" तेवढ्यात भाची चिंचोके घेऊन बसली. दहा-दहाचे दोन ढीग, तीन बाजूला. म्हणाली, "तेवीस!" एकक-दशक हे शब्द तिला ठाऊक नाहीत, पण दशक हाताला कळलंय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी मांडली ती अशाच आसपासच्या वस्तूंवर. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पहिली-दुसरीही बालवाडीसोबत एकाच पायाभूत टप्प्यात घेतली. तिथे खेळ हाच अभ्यास.

शेजारची मुलं पानंच्या पानं लिहितात तेव्हा हे पटणं अवघड, मान्य. पण लिहिणं येईल हळूहळू... आकड्यांची भीती मात्र एकदा बसली की सहजी जात नाही. तुमचा काय अनुभव?