मागें राहणारांचें बिऱ्हाड : महाड आणि पोलादपूर

परदेशीं जावयाचें ठरलें म्हणजे घरांत जी धांदल उडते तिचा अनुभव हल्लीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. पारपत्रें, व्हिसा, मुलांचे शाळेचे दाखले, लोकरीचे कपडे, मेतकुटाच्या आणि गोड्या मसाल्याच्या पुड्या यांच्या याद्या रात्रीं उशीरापर्यंत चालतात. मागें राहणाऱ्या वडील माणसांचें बिऱ्हाड कोठें थाटावयाचें, हा प्रश्न मात्र कोणत्याच यादींत नसतो, आणि म्हणूनच तो शेवटीं येऊन उभा राहतो.

आमच्याकडे तो गेल्या माघांत उभा राहिला. आम्ही उभयतां व मुलें तीन वर्षांकरितां जर्मनीस जाणार. मातुःश्री व आत्याबाई मागें राहणार. पुण्यांतील जागा नोकरीबरोबर मिळालेली, ती नोकरीबरोबरच सोडणें प्राप्त. पुण्यांतच दुसरा ब्लॉक पाहावा असा आमचा विचार. पण मातुःश्रींनीं तो एका वाक्यांत मोडून काढला. “जेथें दार लोटलें कीं शेजार सरतो, तेथें तुम्ही नसतांना मी राहणार नाहीं.” त्यांचें माहेर महाडचें, आत्याबाईंचें सासर पोलादपुराजवळचें. तेव्हां हीं दोन्ही गांवें पाहावयाचें ठरलें. आणि पाहावयास त्या दोघी बरोबर येणार, हें त्यांनींच ठरविलें.

पुण्याहून महाडास उतरावयास भोरवरून वरंध घाट आणि मुळशीवरून ताम्हिणी घाट असे दोन मार्ग आहेत. वरंध पावसाळ्यांत दरडींमुळें वरचेवर बंद ठेवावा लागतो. पण आम्ही फाल्गुनांत निघालों होतों, म्हणून त्यानेंच उतरलों. पायथ्याकडील डोंगरांत शिवथरची घळ आहे. दासबोध तेथें सांगितला गेला अशी परंपरा असल्यामुळें मातुःश्रींनीं गाडींतूनच हात जोडले. पुढें बिरवाडीच्या बाजूस कारखान्यांचीं धुराडीं दिसूं लागतात, आणि वारा तसा असला तर वासहि येतो. महाडांतील भाडीं आमच्या अंदाजाहून चढीं कां, याचें उत्तर येथेंच मिळालें. कारखान्यांत नोकरीस येणारीं माणसें जागा शोधीतच असतात.

महाड हें जुनें बंदर. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून येथें येते, गांधारी तिला येऊन मिळते, आणि पुढें ती बाणकोटच्या खाडीनें समुद्रास जाते. समुद्र येथून दूर. तरी भरतीचें पाणी खाडीवाटे महाडच्या अंगापर्यंत चढतें. पूर्वीं गलबतें आलीं तीं ह्या पाण्यावर, आणि आज पूर तुंबतो तोहि ह्याच पाण्यामुळें. महामार्गालगतच्या डोंगरांत गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत; एवढें खोदकाम ज्या गांवाच्या आश्रयानें झालें तें कांहीं लहानसहान नसावें. १८०२ सालीं होळकरांच्या स्वारीमुळें पुणें सोडावें लागलें तेव्हां दुसरे बाजीराव महाडासच आले आणि पुढें समुद्रमार्गानें वसईस इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यांच्या पत्नी वाराणसीबाई १८१८ च्या मे महिन्यांत, इंग्रजांनीं रायगड घेतला तेव्हां गडावर होत्या. पतिराज त्या वेळीं दूर कोठें तरी पळत होते. हा दाखला आम्हीं सहज काढला, तों आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे वहिनी, आपल्याला आतां गडावर ठेवणार म्हणायचें!”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दलाल यावयाचा होता. त्याआधीं चवदार तळ्यावर गेलों. १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह येथें येऊन पाणी प्याले. नगरपालिकेनें तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव तत्पूर्वींच केला होता. परंतु ठराव कागदावर होता आणि पायऱ्या सवर्णांच्या ताब्यांत होत्या. त्या दिवशीं परतणाऱ्या लोकांस मारहाण झाली, मागाहून तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली, आणि खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ सालीं अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल लागला. सुरेंद्रनाथ टिपणीस, बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्यासारखे कांहीं सवर्ण बाबासाहेबांच्या पाठीशीं उभे राहिले, पण ते थोडे. मातुःश्रींच्या माहेरीं ह्या गोष्टीचा उच्चार कधीं होत नसे. त्या पायरीवर बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. बोलल्या कांहींच नाहींत.

दलाल आला, आणि नमस्कार होतांच त्यानें आमचें आडनांव विचारिलें. तें ऐकून म्हणाला, “मग कांहीं अडचण नाहीं.” मातुःश्रींनीं लगेच विचारिलें, “आणि अडचण कोणाची असते?” तो हंसला व गाडीचें दार उघडूं लागला. उत्तर त्यानें दिलें नाहीं, आणि आम्हांसहि तें निराळें ऐकावयाचें कारण नव्हतें. तळें खुलें होऊन किती वर्षें लोटलीं. बिऱ्हाड देतांना पहिला प्रश्न अद्याप आडनांवाचाच.

पहिली जागा बाजारपेठेजवळची, तळमजल्यावरील. वयस्क माणसांस जिना चढावयास नको म्हणून आम्हांस ती पसंत पडण्याच्या बेतांत होती. भिंतींना ताजा रंग होता. मातुःश्रींनीं भिंतींतलें कपाट उघडून आंत हात घातला आणि आम्हांस बोलाविलें. रंग न पोंचलेल्या त्या कोपऱ्यांत पुरुषभर उंचीच्याहि वर एक तपकिरी रेघ होती. २०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस सावित्री व गांधारी ह्या दोन्ही नद्यांचें पाणी गांवांत शिरलें आणि बाजारपेठेंतले तळमजले बुडाले, ती ही रेघ. त्यापूर्वीं २००५ च्या जुलैंतहि असेंच झालें होतें.

“आमच्या लहानपणीं पाणी यायचें,” मातुःश्री म्हणाल्या. “पहिल्या पायरीला लागलें कीं धान्य माळ्यावर, तिसऱ्या पायरीला लागलें कीं माणसें माळ्यावर. दुसऱ्या दिवशीं चिखल काढायचा.” त्यांचें म्हणणें आम्हांस मोलाचें वाटलें. जुन्या महाडकरांचीं घरें उंच जोत्यावर असत, वर लांकडी माळा असे, आणि पूर हा घरांतल्या व्यवहारांत धरलेला असे. आजच्या तळमजल्यावरील ब्लॉकास ना जोतें ना माळा. पाणी आलें तर माणसानें जावें कोठें? त्या मानानें खालीं नुसते खांब व गाड्यांची जागा आणि वर घरें, अशा इमारती ह्या गांवास अधिक सोईच्या. परंतु तेथें जिना आला. आणि पुरांत वीज गेली म्हणजे लिफ्ट हें एक कुलूपबंद कपाटच.

वरच्या मजल्याचें भय निराळेंच आहे. २०२० च्या ऑगस्टच्या २४ तारखेस संध्याकाळीं काजळपुरा भागांतली एक पांच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसें गेलीं. इमारत जुनी म्हणण्याइतकी मुळींच नव्हती. दुसऱ्या दिवशीं ढिगाऱ्याखालून एक चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला, तें दृश्य साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. तेव्हांपासून येथें जागा पाहणारा मनुष्य फरशी व रंग पाहण्याआधीं खांब पाहतो. आम्हींहि पाहिले, पण खांब पाहून आमच्यासारख्यास काय कळणार? म्हणून पुण्याहून एका परिचित स्थापत्यविशारदांस एक दिवस आणविलें, आणि नगरपालिकेचें भोगवटा प्रमाणपत्र दाखविल्यावांचून पुढें बोलावयाचें नाहीं असें ठरविलें. ह्या एका अटीनें सहा जागांपैकीं दोन आपोआप गळाल्या.

तिसऱ्या दिवशीं पोलादपूर. अंतर सुमारें वीस किलोमीटर. वाटेंत सावित्रीवरील पूल लागतो. येथील जुना दगडी पूल १९२८ सालचा. तो २०१६ च्या ऑगस्टच्या २ तारखेस रात्रीं पुराच्या लोटांत वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या व आणखी वाहनें गेलीं. नवा पूल पुढच्याच वर्षीं जूनमध्यें खुला झाला. आत्याबाई त्यावरून जातांना डोळे मिटून घेतात.

पोलादपूर हें घाटाच्या पायथ्याचें गांव. एक रस्ता आंबेनळीनें महाबळेश्वरास चढतो, दुसरा कशेडीकडून खेडास जातो. शिवभारताचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधि गांवांत आहे, आणि तालुक्यांतल्या उमरठास तानाजी मालुसऱ्यांची. हवा महाडाहून निवळ, भाडें निम्म्यानें कमी, आणि आम्हांस दाखविलेली जागा तर फारच चांगली: पुढें ओटी, मागें परसू, परसांत विहीर व फणसाचें झाड. आत्याबाईंचे पुतणे हांकेच्या अंतरावर. त्यांनीं मनांत सामान लावावयासहि सुरुवात केली होती.

आम्हीं मात्र परसामागचा डोंगर पाहिला. २०२१ च्या त्याच २२ जुलैस महाड तालुक्यांत तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. पोलादपूर तालुक्यांतहि केवनाळें व सुतारवाडी येथें दरडी आल्या. २००५ सालीं दासगांव, जुई, कोंडिवते आणि रोहन ह्या गांवांवर आल्या होत्या. खालीं नदी आणि वर डोंगर, यांच्या मध्यें ह्या मुलुखांत राहावयाचें असतें. शिवाय पोलादपुरांत ग्रामीण रुग्णालय आहे, पण मातुःश्रींच्या हृदयविकारास लागणारे डॉक्टर महाडास. आणि मुसळधार पावसांत तो वीस किलोमीटरचा रस्ता रात्रीं खुला राहील असें कोण सांगणार? आत्याबाई रुसल्या. परतीच्या वाटेवर त्या बोलल्या नाहींत. शेवटीं मातुःश्रीच म्हणाल्या, “वन्सं, गणपतींत आपण पंधरा दिवस पोलादपुरास राहूं. पण माझें औषध महाडास आहे.”

कागदपत्रांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण ह्या बाबतींत ऐकीव माहिती फार. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं असें दलाल सर्रास सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याप्रमाणें जागा वापरावयास देण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ज्यांस विकत घ्यावयाचें असेल त्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, परदेशीं स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकास येथें राहतें घर घेतां येतें, पण शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. म्हणून दोन गुंठे भाताचें शेत घेऊन पुढें घर बांधूं, असे बेत जाण्यापूर्वींच तपासून पाहावे. मुखत्यारपत्र करावयाचें तर तेंहि निघण्यापूर्वीं दुय्यम निबंधकांपुढें करावें. परदेशांतून केल्यास तेथील भारतीय वकिलातींत साक्षांकित करून घेणें आलें, आणि कागद भारतांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक चढविणें आलें. ह्या मुदतीचा विसर पडून कामें अडलेलीं आहेत.

जाणाऱ्यांच्या घराची व्यवस्था कशी ठेवावी हें महाडच्या कोंकणी मुसलमान कुटुंबांकडून शिकण्यासारखें आहे. आखातांत नोकरीस गेलेल्या माणसांचीं घरें येथें पुष्कळ. आमच्या होऊं घातलेल्या शेजारच्या आजींचे दोन मुलगे तिकडेच. त्यांनीं मातुःश्रींस बाजूस घेऊन सांगितलें तें असें: पैसे बँकेंत येतात तें ठीक, पण एक किल्ली शेजारीं, एक नात्यांत, आणि डॉक्टरचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत.

जागा ठरली ती महाडांतच, पुराच्या खुणेच्या बऱ्याच वर, पहिल्या मजल्यावर. पायऱ्या अठरा, मातुःश्रींनीं त्या स्वतः चढून मोजल्या, मध्यें एकदां थांबल्या. खिडकींतून रस्ता दिसतो, आणि वीरेश्वराच्या देवळास रिक्षानें थोडक्यांत जातां येतें. करार आमच्या नांवें करावयाचा म्हणून आम्हीं मसुदा तयार करविला होता. मातुःश्रींनीं तो चष्मा लावून वाचला आणि परत केला. “तुम्ही तिकडे. मी इथें कोणाच्या घरांत राहतें आहें मग? माझ्या नांवें करा. भाडें तूं पाठव, पावती माझ्या नांवाची येऊं दे.” घरमालकांस वयाची शंका वाटली. शेवटीं दुय्यम निबंधकांच्या कचेरींत त्यांनीं सही केली, आंगठा यंत्रावर ठेविला, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांच्या एकटीच्या नांवाचें पहिलें बिऱ्हाड झालें.

वर्षप्रतिपदेनंतर सामान हलविलें. धान्याचे डबे कोठें ठेवावयाचे याविषयीं नणंदा-भावजयींचा थोडा वाद झाला. मग आत्याबाईंनीं स्टुलावर कोणाला तरी चढवून ते सर्वांत वरच्या फळीवर लावून घेतले.