पट्टी माफ असलेलं छप्पर

इंग्लंडच्या दक्षिणेला चिचेस्टर नावाचं जुनं गाव आहे. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा दिशांचीच नावं असलेले त्याचे चार रस्ते जिथे मिळतात, तिथे दगडी मार्केट क्रॉस उभा आहे. नाव क्रॉस असलं, तरी मला तो आपल्या पाराच्या जातीचा वाटला. मधोमध जाड खांब, भोवती बसायला कट्टा, आठ बाजूंना आठ कमानी आणि वर छप्पर.

१५०१ च्या सुमारास बिशप एडवर्ड स्टोरी यांनी तो बांधवला. गरिबांनी इथे बसून आपला माल विकावा आणि त्यांच्याकडून बाजारपट्टी घेतली जाऊ नये, एवढाच हेतू. कोरीव काम सुरेख आहे, पण मी अडकलो ते या माफीपाशी. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. विकणारा स्वतःचा भाव सांगतो. बिशपांनी गरिबाला भाव सांगायची जागा दिली, तीही गावातली सगळ्यात मोक्याची.

१७२४ मध्ये क्रॉसवर घड्याळ आलं. १८०८ मध्ये जवळच नॉर्थ स्ट्रीटवर वास्तुकार जॉन नॅश यांनी आखलेली बाजाराची इमारत उभी राहिली. आज क्रॉसच्या दगडांना कायद्याचं संरक्षण आहे आणि कट्ट्यावर आमच्यासारखे पाहुणे टेकतात. मला मात्र तिथे एखादी म्हातारी चार जुड्या भाजी घेऊन बसलेली पाहायला आवडली असती, पावती न फाडता.