काळे तळे, पांढरे तळे

खानापूर तालुक्यातल्या डोंगरात पडणाऱ्या पावसाला आपण पुढे कुठे जाणार हे ठाऊक नसते. कणकुंबीकडचे पाणी मलप्रभेत उतरते, सौंदत्तीवरून पूर्वेकडे जात कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला पडलेले पाणी म्हादई होऊन गोव्यात उतरते आणि अरबी समुद्र गाठते. वर्गात 'जलविभाजक' हा शब्द फळ्यावर लिहिला की मी हेच उदाहरण देते, कारण आमच्या मुलांनी ते डोंगर पाहिलेले असतात. पण ही रेषा नेमकी कुठून जाते ते बोट दाखवून सांगता येत नाही. जंगल, धुके आणि जळवा यांतच ती हरवलेली असते. ती मला अगदी स्पष्ट, आगगाडीच्या खिडकीतून पाहायला मिळाली ती आल्प्स पर्वतात, स्वित्झर्लंडच्या एंगादिन खोऱ्यात.

माझी नणंद गेली पंधरा वर्षे झुरिकला असते. 2024 च्या जूनअखेरीस आम्ही तिच्याकडे गेलो. आम्ही म्हणजे मी, हे, आमची लेक आणि सासूबाई. आमचे घर बेळगावातल्या अनेक घरांसारखेच आहे. माझे माहेर मराठी, सासर कानडी. भाजीला फोडणी मराठीत पडते आणि जेवायला हाक कानडीत जाते. लेक दोन्हीत भांडते. नणंदेचे यजमान मात्र तेलुगू, म्हणून त्यांच्या घरात इंग्रजी. भाचा अकरा वर्षांचा, जन्मापासून तिथलाच. शाळेत जर्मन, मैदानावर स्विस जर्मन, घरी इंग्रजी. आजीशी बोलायला त्याच्याकडे 'अज्जी' हा एक शब्द होता, आणि आजीकडे त्याच्यासाठी 'ऊटा आतेनो?' हा एक प्रश्न. त्याचे उत्तर तो मान हलवून देई. सासूबाईंना आल्प्सचे फारसे कौतुक नव्हते. त्या नातवासाठी आल्या होत्या.

एंगादिन हे इन नदीचे खोरे. वरच्या भागात खोऱ्याचा तळच समुद्रसपाटीपासून सुमारे 1800 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून चारशे मीटर वर. तरीही चढल्यासारखे वाटत नाही. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मध्ये सपाट हिरवी कुरणे आणि ओळीने पसरलेली तळी. झुरिकहून आगगाडीने साडेतीन तासांत आम्ही तिथे पोचलो आणि पोन्त्रेसीना या गावात चार दिवस राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेर्निना रेल्वेने निघालो. सेंट मॉरिट्झपासून इटलीतल्या तिरानोपर्यंत जाणारा हा 61 किलोमीटरचा मार्ग 1910 साली पूर्ण झाला आणि 2008 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. रुळांची रुंदी एक मीटर, म्हणजे आपल्या मिरज-लोंढा मार्गावर पूर्वी धावायची तीच मीटरगेज. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा घाट आपल्याला केवढा वाटतो! तिथे 37 मीटरला एक मीटर असा चढ आहे. बेर्निनाची लाल गाडी सुमारे 14 मीटरला एक मीटर चढते, आणि तेही दातेरी रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर. 2253 मीटरवरच्या ओस्पित्सियो बेर्निना स्थानकावर मार्गाची सर्वांत उंच जागा येते. तिथून ती 429 मीटरवरच्या तिरानोपर्यंत उतरते. वाटेत ब्रुझियो गावाजवळ उंची कमी करण्यासाठी कमानींच्या पुलावरून गोल गिरकी घेऊन ती स्वतःच्याच पुलाखालून जाते. आपल्याच गाडीचे पुढचे डबे समोर वळताना दिसले की थोरामोठ्यांची मुले होतात.

माथ्यावरच्या स्थानकाच्या अलीकडे ती दोन तळी लागतात. आधी काळे, मग पांढरे. काळ्याचे नाव 'लेय नैर' आणि पांढऱ्याचे 'लागो बियांको'. दोन्ही नावांचा अर्थ तोच. पहिले गडद, शांत. दुसरे हिमनदीने दळून आणलेल्या दगडाच्या पिठामुळे दुधी. दोघांच्या मध्ये अंतर किती म्हणाल, तर आपल्या वाड्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढेच. पण काळ्या तळ्यातले पाणी इन नदीला आणि मग डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जाते. पांढऱ्याचे पाणी दक्षिणेला इटलीत उतरून पो नदीतून एड्रियाटिक समुद्रात.

"ई नीर एल्ली होक्कैती?" सासूबाईंनी विचारले. भाच्याने शाळेत शिकलेले सगळे इंग्रजीत सांगितले. लेकीने ते कानडीत केले. सासूबाई थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "नम्म कणकुंबी हंग ऐती." ते वाक्य लेकीने भाच्यासाठी इंग्रजीत केले. मग 'कणकुंबी कुठे आहे' म्हणून तिथल्या तिथे मोबाइलवर नकाशा उघडला गेला.

तिथे आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काळ्या तळ्याचे नाव रोमान्श भाषेत आहे, पांढऱ्याचे इटालियनमध्ये. पाणी जिथे वाटले जाते, तिथेच भाषाही बदलते. खिंडीच्या अलीकडे रोमान्श आणि जर्मन, पलीकडे इटालियन. गाडीतल्या स्थानकांच्या घोषणाही तशाच बदलत जातात आणि कुणी मान वर करून पाहत नाही. ज्यांना चालण्याची आवड आहे त्यांनी खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मालोयाहून लुंगीन खिंडीत जावे. 2645 मीटरवरच्या त्या जागेवरून पाणी तीन दिशांना जाते. इनमधून काळ्या समुद्राकडे, पोमधून एड्रियाटिककडे आणि ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राकडे. हे आणि लेक चढून गेले. सासूबाई, नणंद आणि मी खाली सिल्सच्या तळ्याकाठी बसलो.

रोमान्श ही रोमनांच्या लॅटिनमधून आलेली भाषा. इ.स.पूर्व 15 मध्ये रोमन सैन्याने हा मुलूख घेतला, त्यानंतर ती इथे रुजली. 1938 साली स्विस जनतेने मतदान करून तिला देशाची चौथी राष्ट्रीय भाषा ठरवले. ती बोलणारे सगळे मिळून साठ हजारांच्या आसपास. एंगादिनमध्ये वाटेत कुणी भेटले की 'अल्लेग्रा' म्हणतात. सासूबाईंनी हा शब्द पहिल्याच दिवशी उचलला आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी जपानी प्रवाशांनाही, अल्लेग्रा करू लागल्या.

पण हेही खरे की ज्या पर्यटनावर हे खोरे श्रीमंत झाले, त्यानेच ही भाषा मागे सारली. सेंट मॉरिट्झला रोमान्शमध्ये 'सान मुरेत्सान' म्हणतात. तिथे 1928 आणि 1948 असे दोनदा हिवाळी ऑलिंपिक झाले. हॉटेले वाढली, बाहेरून माणसे आली, आणि एकेकाळी रोमान्श बोलणाऱ्या त्या गावात आता कानावर जर्मन आणि इटालियनच जास्त पडते. कुणी बंदी घातली नव्हती. पाहुण्यांशी जर्मन बोलता बोलता ती घरात शिरली, एवढेच. या प्रांताच्या भाषा कायद्यात आता हिशेब ठरलेला आहे. गावात 40 टक्के लोक रोमान्श किंवा इटालियन बोलणारे असतील तर गावाचा कारभार त्या भाषेत, 20 ते 40 टक्के असतील तर दोन्ही भाषांत. समेदनसारख्या गावात मुले शाळेत रोमान्श आणि जर्मन दोन्हींत शिकतात. आपल्या भागातल्या वाचकांना अशा टक्केवारीचे मोल मी वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी मोर्तेरात्शला गेलो. हे पोन्त्रेसीनाच्या पुढे लागणारे स्थानक. तिथून हिमनदीच्या तोंडापर्यंत जवळपास सपाट पायवाट आहे. जाऊन येऊन दोन-अडीच तास. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना 'किती लांब?' विचारले तर 'अर्ध्या तासाची वाट' म्हणतात, अगदी तसे. 1979 साली तिथल्या लोकांनी मत देऊन पायवाटांची जपणूक थेट राज्यघटनेत घातली.

मोर्तेरात्शच्या वाटेवर मात्र आणखी एक प्रकारच्या पाट्या आहेत. त्यांवर फक्त साल असते. त्या साली हिमनदी इथपर्यंत होती, एवढाच त्यांचा अर्थ. रेल्वे आली तेव्हा हिमनदीचे तोंड स्थानकाच्या जवळच होते. 1878 पासून मोजमाप चालू आहे आणि तेव्हापासून ती सुमारे तीन किलोमीटर मागे गेली आहे. आपण एक साल ओलांडतो, पाच मिनिटे चालतो, पुढचे साल येते. सुरुवातीच्या पाट्यांपाशी आता मोठी झाडे वाढलेली आहेत. पुढे झुडपे, मग गवत, मग नुसते दगड. माझ्या जन्माच्या सुमाराची पाटी लागली तेव्हाही बर्फ खूप दूर होता. सासूबाई निम्म्या वाटेवर एका बाकावर टेकल्या. भाचा त्यांच्यापाशी थांबला. आम्ही परत आलो तर दोघे हातवारे करत बोलत होते. हिमनदीला कानडीत काय म्हणतात असे त्याने खुणेने विचारले असावे. सासूबाईंनी कधी हिमनदी पाहिलेलीच नव्हती, तर शब्द कुठून असणार? त्यांनी तिथल्या तिथे बनवला, 'नीरिन कल्ल'. पाण्याचा दगड. भाचा तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

परतताना त्या सालांच्या पाट्या उलट्या क्रमाने लागल्या. मला वाटले, बर्फ मागे जातो हे या लोकांना कळते, कारण कुणीतरी दर वेळी जाऊन खूण रोवून ठेवली. घरातली भाषा मागे जाते तेव्हा अशी पाटी कुणी रोवत नाही. आजोबांना गोष्ट येत होती, आईला म्हणी येत होत्या, मुलाला प्रश्न कळतो, नातवाला 'अज्जी' एवढेच. बर्फाचे आपण घरी बसून काही करू शकत नाही. दुसऱ्याचे तसे नाही.

शेवटच्या दिवशी खोऱ्याच्या खालच्या भागातले ग्वार्दा पाहिले. 1653 मीटरवरचे हे छोटे गाव एका पुस्तकामुळे जगभर पोचले. सेलिना च्योन्त्स यांनी लिहिलेले आणि अलोइस कारिजिएत यांच्या चित्रांचे 'उर्सिन', 1945 सालचे. मार्चच्या पहिल्या तारखेला मुले गळ्यात गुरांच्या घंटा अडकवून, त्या वाजवत हिवाळा हाकलतात. या सणात लहानग्या उर्सिनच्या वाट्याला छोटीशी घंटा येते, म्हणून तो बर्फातून एकटाच डोंगरावरच्या झोपडीत जाऊन मोठी घंटा आणतो. गोष्ट मूळ रोमान्शमध्ये. गावातली घरे जाड भिंतींची, खिडक्या आत खोल गेलेल्या, आणि भिंतींवर ओल्या चुन्याचा वरचा थर खरवडून काढलेली वेलबुट्टी. एका दारावर टांगलेल्या घंटा पाहून सासूबाई थबकल्या. नुकतीच कारहुणवी होऊन गेली होती. आपल्या माहेरच्या बैलांच्या गळ्यातली हुरिगेज्जी त्यांना आठवली, आणि लेकीमार्फत त्यांनी नातवाला बैल रंगवण्यापासून कर तोडण्यापर्यंत सगळा सण सांगितला. पोराने एकदाही मोबाइल काढला नाही.

कुणाला जायचे असेल तर दोन गोष्टी सांगते. काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या खास गाडीला आरक्षण लागते. पण त्याच रुळांवरून साधी गाडीही जाते, आणि तिच्यातून हव्या त्या स्थानकावर उतरता येते. वयस्कर माणसे बरोबर असतील तर साधीच बरी. जूनमध्येही माथ्यावर स्वेटर लागतो. वेळ असेल तर त्सेर्नेत्सजवळचे 1914 साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान पाहावे. तिथे पायवाट सोडता येत नाही, फूल तोडता येत नाही आणि पडलेले झाडही कुणी उचलत नाही. येताना एंगादिनचा अक्रोडाचा केक आणा. अक्रोड या उंचीवर होत नाही. पोटासाठी परदेशी जाऊन मिठाईवाले झालेल्या इथल्या माणसांनी ही कला घरी आणली. आमच्या घरी तो कुंद्याच्या शेजारी ठेवून खाल्ला गेला. मते विभागली, पण दोन्ही डबे संपले.

आता दर रविवारी झुरिकहून फोन येतो. पूर्वी नणंद बोलायची आणि भाचा मागून हात हलवायचा. हल्ली तो स्वतः येऊन बसतो आणि आधी विचारतो, "अज्जी, ऊटा आतेन?" उच्चार जर्मन वळणाचा आहे, सासूबाई हसतात. त्यानंतर एक नवा शब्द मागून घेतो. कधी कानडी, कधी आमच्या लेकीकडून मराठी. पाठच्या पानाची एक वही त्याने केली आहे. शब्द रोमन लिपीत लिहितो, आणि प्रत्येक शब्दापुढे त्या दिवसाची तारीख घालतो.