परतीच्या गाडीखालच्या दोन रेघा

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरात मार्कांच्या आधी एसटीचं बोलणं निघायचं. आमच्या रांजणगावाहून नगर रस्त्यानं शिरूर पंधरा-वीस किलोमीटर, पुणे पन्नास. आमचे थोरले चुलते आप्पा. त्यांनी कालनिर्णयाच्या जूनच्या पानामागं शिरूरच्या गाड्यांच्या वेळा शिसपेन्सिलीनं लिहून ठेवल्या होत्या. परतीच्या एका गाडीखाली दोन रेघा होत्या. दिवेलागणीच्या आत गावात पोचवणारी तीच. सख्खी-चुलत मिळून आम्ही सात भावंडं. त्यातल्या तिघी बहिणींचं कॉलेज त्या दोन रेघांनी ठरवलं.

अक्का सगळ्यांत थोरली. १९८४ साली तिला दहावीला ७८ टक्के पडले. पेढे महागणपतीपुढं ठेवून ती देवळातून आली ती फर्ग्युसनचं नाव घेऊनच. तिला सायन्स घ्यायचं होतं. आजीनं एवढंच विचारलं, "पोरगी राहील कुठं?" पुण्यात नात्यातलं घर नव्हतं, आणि मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करून यावी हे एकाही मोठ्या माणसाला सुचलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांचा जीव होता तिच्यावर, पण चौकशीला पुण्याची एक खेप पुरली असती.

मग शिरूरचं बोरा कॉलेज ठरलं. तिथंही आर्ट्सच, कारण सायन्सची प्रॅक्टिकलं लांबली तर दोन रेघांची गाडी चुकणार. अक्का रडली नाही. पास काढला, डबा बांधला आणि जायला लागली.

दादाच्या बारावीपर्यंत वारं बदललं होतं. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून पारावर तोच विषय. देणगीचे आकडे ऐकून दादाचे वडील, तात्या, गप्प झाले. बराखीतला कांदा भाव येण्याआधीच चाकणला नेला, तरी बेरीज जमेना. शेवटी दादानं डिप्लोमा केला. पुढं नव्वदीत गावाशेजारी एमआयडीसी आली आणि त्याला सायकलच्या अंतरावर नोकरी लागली. त्याच्या वेळी मात्र चौकशीला तात्या स्वतः तीनदा पुण्याला गेले होते. खेड्यातल्या मुलांची राहायची सोय करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती तिथं १९५५ पासून आहे, हे आमच्या घराला तेव्हा कळलं.

आम्हा सगळ्यांचे फॉर्म अक्कानंच भरले, लग्न होऊन गेल्यावरसुद्धा. तिचं अक्षर टपोरं. ओसरीवर पाट उलटा ठेवून त्यावर ती फॉर्म पसरायची, शाई फुटू नये म्हणून हाताखाली वर्तमानपत्राचा तुकडा घ्यायची. नाव, जन्मतारीख, पालकांचं उत्पन्न भराभर लिहायची. 'शाखा' या रकान्याशी आली की पेन उचलायची आणि आमच्याकडं बघून विचारायची, "तुला काय घ्यायचंय?" आप्पा समोर बसलेले असले तरी उत्तर ती आमच्याच तोंडून घ्यायची. मी कॉमर्स म्हणालो. तिनं कॉमर्स लिहिलं.

तिला हा प्रश्न आम्ही विचारला तो गेल्या दिवाळीत, चाळीस वर्षांनी. ती लगेच म्हणाली, "केमिस्ट्री."

तुमच्या घरातही अशी एखादी अक्का असेल. तिला विचारायचं राहिलं असेल तर आजच विचारा.