बिनभिंतींचा तुरुंग

चित्रपटगृहात चित्रपट आपल्याला धरून ठेवतो. घरच्या तबकडीवर आपण त्याला. शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' घरी लावला, की मी एका जागी तो हटकून थांबवतो. पडद्यावर त्या वेळी फक्त जेलरचे डोळे असतात. पळू पाहणाऱ्या खुनी कैद्यांना माघारी आणतात ते हेच!

कथा ग. दि. माडगूळकरांची, पण तिचे बीज आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरातले. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसवली. आज औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगलीत. चित्रपटाला १९५८ साली बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले, पण त्यातले शहाणपण आमच्या माणदेशच्या माळावरचे. माणसावर नजर ठेवणे निराळे आणि माणसाच्या मनात आपली नजर ठेवून येणे निराळे.

यंदा आमची लेक शिकायला पुण्याला गेली. ती कुठे आहे, हे घरबसल्या फोनवर दिसण्याची सोय आहे. शेजाऱ्यांनी ती आग्रहाने सुचवली. मी लावून घेतलेली नाही. रात्री मात्र लवकर झोप लागत नाही. स्वतंत्रपुरातल्या अधिकाऱ्यांना तरी पहिल्या रात्री कुठे लागली असेल?